सही करण्याआधी



आपल्या बडोद्यात मराठी घरात "मुलगा काय करतो?" असं विचारलं, की अजूनही बऱ्याचदा एकच उत्तर येतं, "कंपनीत आहे." मग कंपनी खताची असो, रसायनांची असो, मकरपुऱ्यातलं वर्कशॉप असो की नंदेसरीतला प्लांट. आधीची पिढी सायकलवरून किंवा कंपनीच्या बसनं जायची, आता आपल्यातली मुलं दहेजपर्यंत जातात. पगार किती, कायम होणार का, बस कुठून सुटते हे सगळं आपण विचारतो. पण "तिथं नेमकं कशाशी काम आहे, आणि काही झालं तर कोण जबाबदार?" हे क्वचितच कुणी विचारतं.

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणजे माझा दिवस एसीत जातो. पण गेली काही वर्षं मी कारखान्यांसाठी "वर्क परमिट"ची प्रणाली बनवणाऱ्या टीममध्ये आहे. वर्क परमिट म्हणजे धोक्याचं काम सुरू करण्यापूर्वीचा लेखी परवाना. टाकीत उतरायचं, उंचीवर चढायचं, वेल्डिंग करायचं, तर आधी काय तपासलं, कुणी तपासलं, किती वाजता तपासलं, हे सगळं लिहून सह्या होतात. पूर्वी हे कागदावर व्हायचं, आता टॅबवर होतं.

टॅबवर आल्याचा एक परिणाम म्हणजे वेळ आपोआप नोंदली जाते. एका ठिकाणच्या नोंदी तपासताना दिसलं, की प्लांटच्या दोन टोकांच्या दोन टाक्यांची हवा एकाच माणसानं एकाच मिनिटाला "तपासली" होती. चालत जायलाच दहा मिनिटं लागतात! नोंद पूर्ण होती, सह्या पूर्ण होत्या. टाकीपाशी मात्र कुणी गेलंच नव्हतं. सुदैवानं त्या दिवशी काही घडलं नाही.

हा विषय आज काढायचं कारण माझा मावसभाऊ. वय २३, केमिकल इंजिनिअर, ठेकेदारामार्फत एका प्लांटवर ट्रेनी म्हणून लागला आहे. परवा शिफ्ट संपल्यावर त्याचा फोन आला. सकाळी एक रिकामी टाकी साफ करायची होती. दोन कामगार तयार उभे होते. सीनियर म्हणाले, "अरे, सही करून टाक. दहा मिनिटांचं काम आहे." हा म्हणाला, "सर, गॅस मीटर आणून रीडिंग घेऊ, मग करतो." मीटर दुसऱ्या युनिटमध्ये होता. तो येईपर्यंत पाऊण तास गेला. रीडिंग अगदी नॉर्मल आलं. काम झालं, आणि याला सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं. त्यानं मला विचारलं, "दादा, हवा तर ठीकच होती. मग मी उगाच अडवलं का?"

त्याला फोनवर जे सांगितलं, तेच जरा नीट मांडून तुम्हालाही सांगतो.

आधी टाकीचं बघू. ज्वलनशील वाफा असलेली टाकी उघडण्यापूर्वी तिच्यात बहुतेक वेळा नायट्रोजन सोडतात, म्हणजे आग लागायची भीती राहत नाही. त्यानंतर ताजी हवा खेळवून तो नायट्रोजन बाहेर काढावा लागतो. ते राहून गेलं, तर टाकी दिसते स्वच्छ, वास नाही, रंग नाही, पण आत प्राणवायू नसतो. आपल्याला जीव घुसमटल्यासारखं वाटतं ते शरीरात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे, प्राणवायू कमी पडल्यामुळे नव्हे. म्हणून नायट्रोजनमध्ये शिरलेल्या माणसाला काही कळायच्या आतच तो एक-दोन श्वासांत कोसळतो. त्याला काढायला मित्र धावतो, आणि तोही कोसळतो. टाक्या, गटारं, मॅनहोल यांतल्या दुर्घटनांमध्ये वाचवायला गेलेल्यांचे जीव पुन्हा पुन्हा जातात ते यामुळेच. साध्या हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो. तो १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर आत जायचं नाही, हा सर्वत्र पाळला जाणारा दंडक. हा आकडा डोळ्यांना दिसत नाही आणि नाकालाही कळत नाही. तो फक्त मीटर सांगतो.

कायद्याला हे केव्हापासून ठाऊक आहे? १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात कलम ३६ होतं. विषारी वायूची शक्यता असलेल्या टाकीत किंवा खड्ड्यात, आतल्या हवेची चाचणी करून सक्षम व्यक्तीनं लेखी दाखला दिल्याशिवाय कुणाला उतरवायचं नाही. नाहीतर उतरणाऱ्याला श्वसनाचं उपकरण हवं, कमरेला पट्टा हवा, आणि पट्ट्याच्या दोराचं दुसरं टोक बाहेर उभ्या माणसाच्या हातात हवं. म्हणजे माझ्या भावानं मीटर मागितला, ती काही नव्या पोराची हौस नव्हती.

हे कायदे आपोआप आलेले नाहीत, आणि त्यात आपला मराठी माणूस अगदी पहिल्या रांगेत होता. १८८४ साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेऊन सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. रविवारची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती या मागण्या अनेकांना माहीत असतात. पण त्याच अर्जात आणखी एक मागणी होती. काम करताना जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो कायमचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली. भरपाईचा कायदा यायला मात्र १९२३ उजाडलं.

दुसरं वळण भोपाळचं. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली ती रात्र. कारखान्याबाहेरच्या वस्तीला कुठला वायू आहे हे माहीत नव्हतं, कुठं पळायचं हे माहीत नव्हतं, दवाखान्यातल्या डॉक्टरांना उपचार काय करायचे हे धड कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर १९८७ साली फॅक्टरी कायद्यात धोकादायक प्रक्रियांवर एक संपूर्ण नवं प्रकरण घातलं गेलं. कामगारांना आणि आसपासच्या लोकांना धोक्याची माहिती देणं बंधनकारक झालं. सुरक्षा समितीत कामगारांना जागा मिळाली. आणि डोळ्यांसमोर धोका दिसत असेल, तर तसा इशारा देण्याचा हक्क कामगाराला मिळाला.

आता तिसरं वळण चालू आहे. फॅक्टरी कायद्यासह १३ जुने कायदे एकत्र करून २०२० मध्ये व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता मंजूर झाली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. त्यातल्या मोजक्या गोष्टी घरात प्रत्येकाला माहीत असाव्यात अशा आहेत.

पहिली, जबाबदार कोण? कंपनीचा कारखाना असेल तर कायद्याच्या नजरेत त्याचा ताबेदार म्हणजे कंपनीचा एक संचालक असतो. १९८७ पासून हे असंच आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये ते उचलून धरलं. "ती भानगड खालच्या मॅनेजरची" असं म्हणून वरच्यांना हात झटकता येत नाहीत. ठेकेदाराचा माणूसही कारखान्याचा कामगारच धरला जातो. गेट पासचा रंग वेगळा असला म्हणून त्याची सुरक्षा कमी होत नाही. कर्तव्यात कसूर झाल्यामुळे कुणाचा जीव गेला, तर नव्या संहितेत २ वर्षांपर्यंत कैद किंवा किमान ५ लाख रुपये दंड किंवा दोन्ही आहे, आणि त्या दंडातली निदान निम्मी रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं.

दुसरी, पैसे कुणाचे? सुरक्षेसाठी दिलेल्या कुठल्याही गोष्टीचे पैसे कर्मचाऱ्याकडून घेता येत नाहीत. हेल्मेट, सेफ्टी शूज यांची रक्कम पहिल्या पगारातून कापली असेल, तर ते चूक आहे. नेमणूकपत्र देणंही आता मालकाचं कर्तव्य आहे.

तिसरी गोष्ट माझ्या भावाच्या प्रश्नाशी थेट जोडलेली. आपल्या कामातल्या धोक्याची माहिती मालकाकडून मागण्याचा हक्क प्रत्येक कर्मचाऱ्याला आहे. जिवाला तातडीचा धोका आहे असं सकारण वाटलं, तर तो थेट किंवा सुरक्षा समितीच्या सदस्यामार्फत मालकाला सांगू शकतो, आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकालाही कळवू शकतो. मालकानं लगेच उपाय करायचे. "धोका नाही" असं मालकाला वाटलं, तरी प्रकरण निरीक्षकाकडे पाठवायचंच, आणि निर्णय त्याचा. याच संहितेत कर्मचाऱ्याची कर्तव्यंही दिली आहेत. असुरक्षित परिस्थिती नजरेस आली तर ती शक्य तितक्या लवकर वर कळवणं, हे त्यातलं एक. म्हणजे मीटर मागणं हा आगाऊपणा नव्हता, ते त्याचं कर्तव्य होतं.

आता कायदा कुठं तोकडा पडतो तेही सांगायला हवं. इशारा देण्याचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. पण "मी हे काम करत नाही" म्हणून हात वर करण्याचा हक्क तितक्या स्वच्छ शब्दांत लिहिलेला नाही. ठेकेदाराकडच्या प्रोबेशनवरच्या मुलाला उद्यापासून "येऊ नकोस" म्हणायला कुणाला फार वेळ लागत नाही. म्हणून मी भावाला सांगितलं, की भांडू नकोस, लिही. प्लांटमध्ये फोन नेता येत नाही, मग शिफ्टच्या लॉगबुकात लिही. "अमुक वाजता गॅस मीटर मागवला, अमुक वाजता रीडिंग घेतलं, मग परमिट दिलं." तक्रार नाही, टोमणा नाही, फक्त वेळ आणि आकडा. अशी ओळ चार दिवस लिहिली, की पाचव्या दिवशी मीटर त्याच युनिटमध्ये ठेवायची सोय होण्याचा संभव वाढतो. आणि कधी चौकशी झालीच, तर तोंडी "सरांनी सांगितलं होतं" याला वजन नसतं. कागदावर सही ज्याची, प्रश्न त्यालाच विचारतात.

"हवा तर ठीकच होती" याचं काय? रीडिंग नॉर्मल येणं हाच चाचणीचा हेतू असतो. आपण रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघतो, आणि गाडी नसली की "उगाच बघितलं" म्हणत नाही. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा हवा ठीकच असणार. पण उरलेली एक वेळ कोणती, हे टाकी आधी सांगत नाही. त्या दिवशी दोन माणसं टाकीत उतरली आणि संध्याकाळी घरी गेली. पाऊण तासाचा हिशोब लागतो तो इथं.

माझ्यासारखे ऑफिसवाले म्हणतील, "आम्हाला काय त्याचं?" संहितेतला "कर्मचारी" या शब्दात सुपरवायझर, मॅनेजर, इंजिनिअर सगळे येतात. आपल्या मजल्यावरचा आगीचा जिना खोक्यांनी भरलेला असेल, मागचं दार कुलूपबंद असेल, तर तीही असुरक्षित परिस्थितीच, आणि ती कळवणं आपलंही कर्तव्य. संध्याकाळी ७ नंतर किंवा सकाळी ६ च्या आधी स्त्रियांना कामाला बोलवायचं, तर त्यांची संमती लागते आणि सुरक्षिततेची व्यवस्था करावी लागते. आपल्या बहिणींना हे माहीत असू द्या.

आता एक गृहपाठ. घरात कुणी कंपनीत जात असेल, तर या रविवारी जेवण झाल्यावर पाच गोष्टी विचारा. नेमणूकपत्र हातात आहे का, आणि त्यावर मालक म्हणून नाव कुणाचं आहे? पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआयचा नंबर मिळाला का? ज्या रसायनाशी काम आहे त्याचं सुरक्षा माहितीपत्रक वाचलं आहे का? कंपनीनं केलेल्या आरोग्य तपासणीचा अहवाल स्वतःकडे आहे का? आणि सेफ्टी ऑफिसरचं नाव काय? शेवटच्या प्रश्नाला "माहीत नाही" असं उत्तर आलं, तर सोमवारी पहिलं काम तेच.

घरातल्या मोठ्यांना एक विनंती. मुलानं येऊन सांगितलं, की आज मी सही करायला नकार दिला आणि बोलणी खाल्ली, तर "नोकरी नवीन आहे, जरा जमवून घे" असं लगेच म्हणू नका. आधी विचारा, "रीडिंग किती आलं?" आपलं ऐकणारं कुणीतरी घरी आहे एवढं कळलं, तरी दुसऱ्या दिवशी मीटर मागायला त्याला बळ येतं.

पुढच्या महिन्यात ईएसआयबद्दल सविस्तर लिहीन. कार्ड असूनही दवाखान्यात अडलेल्यांनी आपले अनुभव संपादकांकडे जरूर पाठवा, कंपनीचं नाव न लिहिता.