पटाचा बैल घडतो कोठे?

कपाशीची वेचणी आटोपत आली आणि तुरीच्या शेंगा भरल्या, की वऱ्हाडातील गावोगाव शंकरपटाचे वारे वाहू लागते. धामणगाव रेल्वे तालुक्यातील तळेगाव दशासरचा पट तर पिढ्यान्‌पिढ्या गाजत आलेला. अमरावती-अकोल्याकडील शेकडो गावांतून लोक आपापली कामे बाजूस सारून त्या गर्दीत उभे राहतात. हलक्या छकड्यास जुंपलेली जोडी धुरकऱ्याच्या आरोळीसरशी सुटते, धुळीचा लोट उठतो, आणि पाहणाऱ्याने नीट पाहण्याच्या आत सारा खेळ संपूनही जातो. घड्याळावर काही सेकंद पडतात. त्या सेकंदांच्या अपूर्णांकावर मानाचा निकाल लागतो, बक्षिसे वाटली जातात आणि दुसऱ्या दिवशी त्या जोडीची किंमत लाखांच्या भाषेत बोलली जाते.

आमच्या मते, पटासंबंधीच्या साऱ्या वादाचे मर्म या सेकंदांत नाही. ते त्याआधीच्या कित्येक महिन्यांत आहे. न्यायालयांत जो वाद झाला तो मात्र प्रामुख्याने पटाच्या दिवसाचा झाला.

त्या वादाचा इतिहास वाचकांच्या स्मरणात असेलच. तरी थोडक्यात सांगणे प्राप्त आहे. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने, ज्यांचे खेळ करता येणार नाहीत व त्यासाठी ज्यांना शिकविताही येणार नाही, अशा प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू व बैलगाडा शर्यती या दोहोंवर बंदी घातली. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली व नियमही केले, परंतु मुंबई उच्च न्यायालयापुढे ते अडकले. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींस सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. त्याच निकालात, नियमांचे काटेकोर पालन होते की नाही हे पाहण्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर टाकण्यात आली. शर्यत व्हावी की न व्हावी, या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर येथे मिळाले. तो वाद उकरून काढण्याचा आमचा हेतू नाही.

शंकरपटाचा कैवार घेणाऱ्यांचे म्हणणे आम्हांस सर्वस्वी पोकळ वाटत नाही, हेही येथेच सांगून टाकतो. शेतात ट्रॅक्टर आला आणि गोठ्यातला बैल नकोसा झाला. २०१९ च्या पशुगणनेत, आधीच्या गणनेच्या मानाने, देशातील गोवंशातील नरांची संख्या सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. २०१५ पासून या राज्यात बैलाची कत्तल करता येत नाही. तेव्हा ज्याला ना नांगरास जुंपता येते ना विकता येते, असे जनावर कोरडवाहू शेतकऱ्याने कशाच्या बळावर पोसावे? चपळ चालीबद्दल नावाजलेली गवळाऊसारखी आपल्या विदर्भाची जात टिकवावयाची, तर तिला बाजारात काही मोल असले पाहिजे, आणि ते मोल आज पट देतो. हा युक्तिवाद थट्टेवारी नेण्याजोगा नाही. मात्र त्यात एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. पटाचा नामांकित बैल हा शेतीचा बैल राहिलेलाच नाही. त्याच्या खांद्यावर वखर नाही, पाठीमागे पेरणी नाही. तो खुराकावर पोसला जातो आणि एकाच कामासाठी घडविला जातो. ते घडविणे कसे होते, एवढाच आमचा प्रश्न आहे.

बैल हा काही घोडा नव्हे. घोड्याचे सारे शरीर पळण्यासाठी बनलेले. बैल रवंथ करणारा, भारी पोटाचा, दुभंगलेल्या खुरांचा, ओझे ओढण्यात धिमा आणि चिवट. तो पळू शकत नाही असे नव्हे. भ्यालेला बैल चांगला पळतो, हे कोणताही गुराखी सांगेल. जनावर प्रेमाने व सरावाने वेगवान करता येते. पोटच्या पोराप्रमाणे बैल सांभाळणारे आणि त्याच्या अंगावर हातही न उगारणारे शौकीन वऱ्हाडात आहेत, हे आम्ही जाणतो. परंतु भीतीचा मार्ग जवळचा असतो. शेपूट पिरगाळणे, तिला चावे घेणे, टोकदार काठीने टोचणे, डोळ्यानाकांत चुरचुरणारे पदार्थ घालणे असे प्रकार प्राणी कल्याण मंडळाने २०१४ च्या खटल्यात न्यायालयापुढे मांडले होते. विजेचा झटका देणाऱ्या यंत्रास राज्याच्या नियमांत नाव घेऊन मनाई करावी लागली, यातच सर्व आले. जे कोणी करीतच नाही, त्यास मनाई करण्याची पाळी शासनावर कशाला येईल?

आता या नियमांकडे पाहा. शर्यतीचे अंतर १००० मीटरहून अधिक नसावे. धुरकऱ्याच्या हाती काठी, चाबूक वा तुतारी नसावी. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, आयोजकांची ५० हजार रुपयांची अनामत, पशुवैद्यकाची तपासणी, चित्रीकरण. नियम चांगले आहेत. पण त्यांची नजर बव्हंशी पटाच्या मैदानावर आणि पटाच्या दिवसावर खिळलेली आहे. त्या दिवशी धुरकऱ्याचा हात मोकळा असेल; पण त्या मोकळ्या हाताची नुसती हालचाल दिसताच बैल जीव घेऊन पळावा, अशी तजवीज आधीच्या चार महिन्यांत गोठ्यामागच्या आडरानात झाली असेल, तर पंचांना काय दिसणार? चित्रफितीत तर सारे निर्मळच उमटेल.

प्रस्तुत लेखकाने उमेदीची काही वर्षे शाळामास्तरकीत घालविली आहेत. आमच्या त्या शाळेत छडीचा वापर होई, आणि तपासणीच्या दिवशी ती कपाटात जाई. त्या दिवशी वर्ग कसा अगदी चित्रासारखा बसे! तपासनीस शिस्तीचे कौतुक लिहून जात. ती शिस्त कशाची आहे, हे ओळखण्यास त्यांनी एखाद्या मुलाशेजारी उभे राहून त्याच्या वहीला हात लावला असता, तरी पुरे होते. ते पोर आधी डोके चुकवीत असे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतील मारास मनाई केली, तेव्हा आम्हांस पहिली आठवण झाली ती त्या डोके चुकविण्याची.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेतील टेनेसी भागात एका जातीच्या घोड्यांची प्रदर्शने भरतात. पुढचे पाय उंच उचलून टाकण्याची ऐट हेच त्यांचे वैशिष्ट्य. ती ऐट आणण्यासाठी घोड्याच्या खुरावरील कातडीस दाहक रसायने चोळावयाची, वर साखळ्या बांधावयाच्या, म्हणजे दुखऱ्या पायामुळे तो आपोआप पाय उंच उचलतो. तेथे १९७० मध्ये याविरुद्ध कायदा झाला. प्रदर्शनापूर्वी पाय दाबून पाहणारे तपासनीस आले. त्यावर शिकविणाऱ्यांनी काय करावे? खोट्या तपासण्या करून, पाय दाबताच जे जनावर दचकेल त्यास मारावयाचे, म्हणजे खऱ्या तपासणीत ते दचकत नाही. वेदना लपविण्याचेही शिक्षण! २०२४ च्या जुलैमध्ये, पॅरिस ऑलिम्पिकच्या तोंडावर, तीन ऑलिम्पिक सुवर्णपदके मिळविलेल्या इंग्लंडच्या शार्लट दुजार्दिन या घोडेस्वार बाईंना स्पर्धेतून माघार घ्यावी लागली व पुढे वर्षभराची बंदी आणि दंड सोसावा लागला. कारण काय, तर काही वर्षांपूर्वी एका खासगी शिकवणीत घोड्याच्या पायांवर लांब चाबकाचे पुनःपुन्हा फटके मारतानाचे चित्रण बाहेर आले. पदकांच्या मैदानावर हजारो डोळ्यांना जे दिसले नव्हते, ते तबेल्यातील एका कॅमेऱ्याने दाखविले.

आपल्या कायद्यास ही गोष्ट ठाऊकच नव्हती असे म्हणता येणार नाही. प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणारा १९६० चा केंद्रीय कायदा ज्यांनी लिहिला, त्यांनी खेळ करणाऱ्या प्राण्यांचे प्रदर्शन आणि शिक्षण या दोहोंचा उच्चार जोडीने केला, आणि अशा प्राण्यांना जेथे शिकविले जाते त्या जागी जाऊन पाहण्याचा अधिकार उपनिरीक्षकाच्या दर्जापासून वरच्या पोलीस अधिकाऱ्यांस दिला. पटाच्या बैलांबाबत हा अधिकार कसा वापरावयाचा, याचा खुलासा राज्य शासनाने करावयास हवा. आणखी एक विसंगती तर हास्यास्पद म्हणावी अशी आहे. राज्याच्या दुरुस्तीनुसार शर्यतीच्या अटी मोडणाऱ्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तोच मार गोठ्यात बसला, तर १९६० च्या कायद्याखाली पहिल्या गुन्ह्यास दंड आहे दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज पटाच्या बैलास एक वेळचा खुराकही येत नाही.

उपाय अवघड नाहीत. पटात उतरणाऱ्या प्रत्येक बैलाची नोंद हंगामापूर्वी व्हावी आणि त्या नोंदीत, त्यास सरावासाठी कोठे ठेवले आहे व कोण शिकवितो, याचा उल्लेख असावा. अकोल्यास पशुवैद्यकाचे स्नातकोत्तर शिक्षण देणारी संस्था आहे. तेथील तज्ज्ञांनी पूर्वसूचना न देता हंगामात दोनचार वेळा अशा गोठ्यांना भेटी द्याव्यात. शेपटीची मोडलेली हाडे हाताला लागतात, कातडीवरचे टोचल्याचे वण लपत नाहीत, उत्तेजक औषधे रक्तात सापडतात. आणि जनावर माणूस जवळ येताच कसे वागते, ही तपासणी तर यंत्राविना होते. दोषी ठरलेल्या जोडीस नव्हे, मालकास व धुरकऱ्यास पटातून काही वर्षे बाद करावे. आयोजक मंडळांनी हे आपण होऊन केले, तर त्यांच्या पटाची प्रतिष्ठा वाढेल. ते न करतील, तर घटनापीठाने सोपविलेली जबाबदारी अमरावती आणि अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांस टाळता यावयाची नाही.

याच अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी, हाती खराटा घेऊन, जत्रेजत्रेत पशुहत्येविरुद्ध लोकांना खडसावले. त्यांनी जत्रा बंद करा असे म्हटले नाही. तेथे जे चालते ते उघड्या डोळ्यांनी पाहा, असे म्हटले. आपण पोळ्याला बैलाचा खांदा तुपाने शेकतो, त्याला झूल घालतो, तोरणाखाली उभे करून झडत्या म्हणतो. पोळा झाला की थोड्याच महिन्यांत पटाचा सराव सुरू होतो. यंदा तो जेथे सुरू होईल, तेथे पहिल्याच आठवड्यात कोणी पशुवैद्यक जाऊन उभा राहतो की नाही, याची विचारणा आम्ही दोन्ही जिल्ह्यांच्या पशुसंवर्धन खात्याकडे करणार आहोत. मिळेल ते उत्तर याच स्तंभात छापू.