तुझी पाळी

लग्नसमारंभास सारे कुटुंब नटूनथटून येते आणि एक मूल तेवढे आजीजवळ घरी ठेवलेले असते. चौकशी केल्यास "तो माणसांत रमत नाही" एवढेच उत्तर मिळते. हाकेस ओ न देणारे, बरोबरीच्या मुलांत न मिसळणारे, खेळण्यातल्या गाडीचे एकच चाक तासन्‌तास फिरवीत बसणारे असे मूल स्वमग्न असू शकते. १९४३ साली अमेरिकेतील डॉ. लिओ कॅनर यांनी अशा ११ मुलांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. पुढे कित्येक वर्षे मोठमोठे पंडितही आईच्या कोरडेपणास दोष देत राहिले. तो समज साफ खोटा ठरला. हा निराळेपणा मेंदूच्या वाढीतलाच होय. आपल्या खेड्यांत मात्र अजून कोणी दृष्ट म्हणतो, कोणी पूर्वजांचे पाप म्हणतो, आणि बोल लागतो तो मातेस.

इतर मुले जी रीतभात पाहून उचलतात, ती ह्या मुलास तुकड्यातुकड्यांनी शिकवावी लागते. वर्तनोपचार म्हणतात तो हाच. चेंडूचेच उदाहरण घेऊ. आईने मुलासमोर बसावे, चेंडू त्याच्याकडे सोडावा आणि "तुझी पाळी" म्हणावे. मोठ्या बहिणीने मागून त्याचे हात धरून तो परत ढकलवावा. चेंडू परतताच शाबासकी द्यावी, गुळाचा खडा द्यावा; तेथल्या तेथे, कारण संध्याकाळी दिलेल्या खाऊचा सकाळच्या खेळाशी त्याला संबंध लागत नाही. (गूळ न रुचणारी मुलेही असतात, एखाद्यास झोपाळ्याचे दोन झोकेच अधिक गोड.) मग बहिणीचे हात हळूहळू सैल व्हावेत, आईच्या जागी चुलतभाऊ बसावा, पुढे दोन मुले यावीत. पाळी म्हणजे काय हे असे अंगवळणी पडले की मग वाण्याच्या दुकानी आपला नंबर येईतो थांबणे शिकविता येते.

आदळआपटीचेही तसेच. आधी काय घडले आणि नंतर त्यास काय मिळाले, हे पाहावे. नवरात्रात बडोद्याच्या गरब्याचे कर्णे सुरू होताच मूल जमिनीवर लोळत असेल, तर तो हट्ट नव्हे. आवाज त्यास असह्य होतो. कानावर हात ठेवून "बाहेर चल" असे खुणेने सांगावयास त्यास शिकवावे, आणि तशी खूण केल्यास लगेच बाहेर न्यावे.

ह्या उपचाराची प्रसिद्धी अमेरिकेतील डॉ. लोवास यांच्या १९८७ च्या निबंधाने झाली. त्यांच्या प्रयोगात आठवड्यास ४० तास शिकवणी होती आणि प्रसंगी चापटही होती. चापट आज त्याज्य ठरली आहे, हे उत्तम झाले. वयात आलेली कित्येक स्वमग्न माणसे सांगतात की, बळेच डोळ्यांत पाहावयास लावणे हाही छळच. त्यांचे म्हणणे आम्हांस पटते. मुलास चारचौघांसारखे दिसावयास लावण्यापेक्षा त्यास मागता यावे, नको म्हणता यावे, कोणाबरोबर तरी खेळता यावे.

परंतु शेतकरी कुटुंबाने ४० तास आणावेत कोठून? येथे गोव्याचा अनुभव उपयोगी आहे. तेथे व रावळपिंडीस मिळून ६५ कुटुंबांत झालेल्या प्रयोगाचा अहवाल २०१६ साली प्रसिद्ध झाला. पद्धत थोडी निराळी होती. डॉक्टर नसलेले, पण शिकवून तयार केलेले कार्यकर्ते आईमुलाच्या खेळाचे चित्रण करीत आणि तेच आईस दाखवून, मूल कधी काय सांगू पाहत होते, हे तिच्या ध्यानी आणून देत. मुले आपणहून अधिक बोलू-खुणावू लागली. दोघांनी मिळून एकाच वस्तूत लक्ष घालणे मात्र उलट घटले.

१९०६ साली सयाजीराव महाराजांनी बडोदे संस्थानभर सक्तीचे शिक्षण लागू केले. २०१६ च्या अपंगहक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश असून, ठरावीक प्रमाणात अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलास शिक्षण मोफत आहे. शंका असल्यास बडोद्याच्या सयाजी रुग्णालयात बालरोगतज्ज्ञांस दाखवावे. जाताना पंधरा दिवसांची टिपणवही बरोबर न्यावी: मूल केव्हा बिथरले, त्याआधी काय झाले, आणि ते कशाने शांत झाले.