काठी दिली, पण चालायला कोण शिकवणार?



मागच्या वर्षी आमच्या मोठ्या जाऊबाईंच्या उजव्या खुब्याचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना दवाखान्यानं सहा पानी बिल दिलं. मी कॉमर्सची, ओळ न् ओळ तपासली. हातमोज्यांपर्यंत सगळ्याची नोंद होती, काठीचीही होती. ती धरायची कशी, हे मात्र कुणी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

दुखणं उजवीकडे, म्हणून जाऊबाईंनी काठी उजव्या हातात धरली. आम्हालाही ते बरोबरच वाटलं. काही दिवसांनी मंदिराची पायरी उतरताना त्यांचा तोल गेला. सुनेनं सावरलं म्हणून निभावलं. पण त्या धास्तीनं त्यांनी घराबाहेर पाऊल टाकणंच सोडलं. दर्शनाशिवाय पाण्याचा घोट न घेणारी बाई, चाळीस वर्षांचा नेम मोडला म्हणून रोज डोळे पुसायची.

शेवटी एक फिजिओथेरपिस्ट ताई घरी आल्या. पंधरा मिनिटांत त्यांनी आमच्या चुका दाखवल्या.

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. एरवी चालतानाही उजव्या पायाबरोबर डावा हातच पुढे जातो ना? तिथे काठी असली की दुखऱ्या खुब्यावरचा भार हलका होतो. उंचीही मापून घ्यायची. चप्पल घालून ताठ उभं राहून हात सैल सोडला, की काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यावी. जाऊबाईंची काठी चांगली चार बोटं उंच होती.

काठी आणि दुखरा पाय एकदम पुढे, मग चांगला पाय. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी. उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. कठडा असेल तर दुसरा हात कठड्यावर. काठीचं रबरी बूच झिजलं की लगेच बदलायचं.

नजर पायाशी नको, थोडी पुढे हवी. हे ऐकून मला ईर्यासमिती आठवली. मुनिमहाराज चार हात जमीन न्याहाळत पाऊल टाकतात, ते जीवदयेसाठी. आपलाही जीव त्यात आला की!

माझं स्पष्ट मत आहे, काठीनं चालायला शिकवणं हा उपचाराचाच भाग आहे. पेशंटनं समोर चालून आणि पायरी चढून-उतरून दाखवल्याशिवाय दवाखाना सोडू नका. विचारायला संकोच कसला? पैसे मोजतोच ना आपण?

आणि आपल्या बायकांचं एक, काठीची लाज! एका हातात द्रव्याची थाळी, दुसऱ्या हातात निऱ्या, काठी बाहेर चपलांपाशी. अभिषेकानंतरच्या ओल्या फरशीवर हे धाडस कशाला? मंदिरासाठी वेगळी, धुतलेली काठी ठेवा आणि थाळी नातीच्या हाती द्या.

जाऊबाईंनी तेच केलं. त्यांचा नेम पुन्हा सुरू झालाय.