सैनिकाचे लेकरू आणि महाविद्यालय

कोसाड हे सुरतेच्या उत्तरेस मुंबई-अहमदाबाद लोहमार्गावरील लहानसे स्थानक. येथील एखाद्या सैनिकाचे लेकरू अहमदाबादेस, येशूसंघाच्या धर्मगुरूंनी १९५५ साली स्थापिलेल्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकावयास गेले, तर त्याचा गौरव कसा करावा?

सव्वीस जानेवारीस गुलाबपुष्प देणे सोपे. अर्ज भरून देणे अवघड, असे आम्हांस वाटते. १९७१ च्या युद्धानंतर रणात पडलेल्या, अपंग वा बेपत्ता झालेल्या जवानांच्या मुलांचे शिक्षणशुल्क सरकारने सोसावे असे ठरले. २०१७ साली त्यास दरमहा १०,००० रुपयांची मर्यादा घातली गेली. ओरड झाली, तेव्हा २०१८ साली ती उठविली. (शूरांच्या मुलांसाठीही ओरडावे लागतेच!) माजी सैनिकांच्या मुलामुलींस २००६ पासून पंतप्रधान शिष्यवृत्तीही मिळते, परंतु ती व्यावसायिक पदवीसाठीच.

या साऱ्यास दाखले लागतात, आणि ते गोळा करणारी बहुधा एकटी आईच. कचेरीची भाषा जाणणाऱ्या आपल्यातील कोणा शिक्षकाने रविवारच्या मिस्सेनंतर अर्धा तास तिच्याजवळ बसावे. महाविद्यालयांनीही एका सहीसाठी तिच्या लेकरास तीन हेलपाटे घालावयास लावू नयेत.