तारेचा राउटर दारात, मेश घरात

‘आतल्या खोलीत रेंज येत नाही’ असं दुकानात सांगितलं की हल्ली तीन डब्यांचा मेश संच हातात पडतो. एक डबा हॉलमध्ये, एक बेडरूममध्ये, एक स्वयंपाकघराशी. रेंज येते आणि विषय संपतो. पण घरभर वाय-फाय पोचवणं हे एक काम; बाहेरून घरात कोण शिरतंय आणि घरातलं कोणतं यंत्र बाहेर कुणाशी बोलतंय यावर पहारा ठेवणं हे दुसरं. दोन्ही कामं एकाच डब्यावर टाकू नयेत, असं माझं ठाम मत आहे. पहाऱ्याला आपल्या मालकीचा तारेचा राउटर ठेवावा आणि मेशने फक्त वाय-फाय पसरवावं.

पहारा का हवा? २१ ऑक्टोबर २०१६ रोजी वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या (डीएनएस) अमेरिकेतल्या ‘डाइन’ या कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अनेक तास अडखळल्या. हल्ला करणारी यंत्रं होती लोकांच्या घरादुकानांतले कॅमेरे, त्यांचे डीव्हीआर आणि राउटर. ‘मिराई’ नावाचा व्हायरस कारखान्यातून आलेले साठेक ठरावीक पासवर्ड लावून पाहत असे आणि दार उघडत असे. मालकांना पत्ताही नव्हता, कारण कॅमेरे नेहमीसारखे चालू होते. आज आपल्या फ्लॅटमध्ये दारावरचा कॅमेरा, टीव्ही, स्मार्ट प्लग हे सगळं ज्या नेटवर्कवर असतं, त्याच नेटवर्कवरच्या लॅपटॉपवरून आपण बँकेचे व्यवहार करतो. हे मला भयंकर वाटतं.

आता जोडणी. फायबरवाल्याने बसवलेला डबा ‘ब्रिज मोड’वर टाकून मागावा, म्हणजे तो नुसती लाइन आत देतो. कनेक्शनचं युजरनेम-पासवर्ड मग आपल्या तारेच्या राउटरमध्ये जातं. त्याच डब्यावर लँडलाइन फोन असेल तर तो बंद पडणार नाही ना, हे आधी विचारावं. काही कंपन्या ब्रिज मोड देत नाहीत. तेव्हा त्या डब्याचं वाय-फाय बंद करून आपला राउटर त्याच्या मागे लावावा. ऑनलाइन गेम किंवा बाहेरून घरचा कॅमेरा पाहताना थोडी कटकट होऊ शकते, पण आतला पहारा आपलाच राहतो. मेशचे डबे ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’वर टाकायचे, म्हणजे ते फक्त वाय-फाय पसरवतात.

इथे एक खाच आहे आणि विक्रेते ती क्वचितच सांगतात. या मोडवर गेल्यावर अनेक मेश संचांचं पाहुण्यांचं वाय-फाय एकतर बंद होतं, नाहीतर नावापुरतं वेगळं उरतं. म्हणून खरेदीआधीच विचारावं, संच व्हीलॅन, म्हणजे एकाच तारेवरून वेगवेगळी नेटवर्कं नेण्याची सोय, ओळखतो का? ओळखत असेल तर कॅमेरे-टीव्हींचं नेटवर्क वेगळं, लॅपटॉप-मोबाइलचं वेगळं, आणि राउटरमध्ये एक नियम: कॅमेऱ्याने लॅपटॉपकडे स्वतःहून जायचं नाही. संच व्हीलॅन ओळखत नसेल तर घरात पडलेला एखादा जुना, पण अजून अपडेट मिळणारा वाय-फाय राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट करून तारेच्या राउटरच्या स्वतंत्र पोर्टला जोडावा, त्या पोर्टला वेगळं नेटवर्क द्यावं आणि कॅमेरे तिथे बसवावेत.

मेशचे डबेही एकमेकांना तारेने जोडलेले बरे. स्वस्त संचात एकच रेडिओ मोबाइलशीही बोलतो आणि पुढच्या डब्याशीही, त्यामुळे प्रत्येक टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो. काँक्रीटच्या भिंतींतून ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल क्षीण होतो. कोकण-गोव्यातल्या चिऱ्याच्या जाड भिंतींत तर त्याचं फार काही चालत नाही. कॅट-६ केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट सहज नेते. मात्र ती शुद्ध तांब्याची घ्यावी. वरून तांब्याचा मुलामा आणि आत अ‍ॅल्युमिनियम अशी केबलही बाजारात कॅट-६ म्हणूनच विकली जाते.

तारेचा राउटर आणला म्हणजे सुरक्षितता आपोआप येत नाही. लाटव्हियाच्या मिक्रोटिक कंपनीचे राउटर आपल्याकडच्या अनेक केबलवाल्यांकडे दिसतात. त्यांतली एक त्रुटी २०१८मध्ये दुरुस्त झाली होती. तरी ‘मेरिस’ या नावाने ओळखल्या गेलेल्या २०२१च्या हल्ल्यांत याच कंपनीचे असंख्य राउटर वापरले गेले. त्यांतले बरेच २०१८मध्येच फोडले गेलेले होते, असं कंपनीने सांगितलं. अपडेट केलेल्या राउटरचाही पासवर्ड जुनाच राहिला, तर चोरीला गेलेली किल्ली चालूच राहते. म्हणून अपडेट आणि नवा पासवर्ड, दोन्ही. मेशवरचं डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वाय-फाय जोडण्याची सोय) बंद, बाहेरून राउटरच्या सेटिंगपर्यंत पोचण्याची सोय बंद.

खर्चाचं म्हणाल तर घरगुती कामाचा चांगला तारेचा राउटर पाच-सात हजारांत मिळतो. वाय-फायची नवी पिढी आली की फक्त मेश बदलायचा; राउटर आणि केबल तशीच राहते.

राग आहे तो बिल्डरांवर. प्रत्येक खोलीत एसीचा पॉइंट देणारे लोक लॅनसाठी एक रिकामा पाइप टाकत नाहीत. मग केबल एकतर भिंतीवरून लोंबते, नाहीतर इलेक्ट्रिशियन ती लाइटच्या वायरींच्या पाइपात कोंबतो, आणि ते धोक्याचं आहे. घराचं काम काढलं असेल किंवा नवा फ्लॅट बुक करत असाल, तर प्लास्टर होण्यापूर्वीच मुख्य दारापासून प्रत्येक खोलीपर्यंत लॅनचा वेगळा पाइप लेखी मागून घ्या.