पेरणीची तारीख पिशवीवर छापलेली नसते

लेबर डेच्या सुट्टीत पेरायचं, असं मार्चमध्येच ठरवून टाकणारा माणूस शेतकरी नसतो, आणि माझ्या मते तो धड शिकारीही नसतो. हे मी बाहेर उभं राहून म्हणत नाहीये. मी स्वतः तारीख बघून पेरलंय आणि त्याचं फळ भोगलंय.

आधी मामला काय तो सांगतो. मी विस्कॉन्सिनमध्ये राहतो. इथे नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी, बंदुकीने हरणांच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम उघडतो. धनुष्यबाणाचा हंगाम त्याच्या बराच आधी, सप्टेंबरात सुरू होतो. या हंगामासाठी हजारो लोक रानाच्या कडेला अर्धा एकर, एक एकर जमीन नांगरून तिथे सलगम, मुळा, ओट, राय, क्लोव्हर असलं काहीबाही पेरतात. हे पीक कुणी कापत नाही, विकत नाही. ते हरणांनी येऊन खावं यासाठीच असतं. त्याला फूड प्लॉट म्हणतात. प्लॉटच्या कडेला झाडावर मचाण, मचाणावर माणूस, माणसाच्या हातात बंदूक.

परभणीकडच्या आमच्या शेतात माझे वडील हरणं आणि रानडुकरं हाकलायला रात्र-रात्र जागलीला जायचे. त्यांचा मुलगा हरणांनी यावं म्हणून पेरतो, हे त्यांना पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, “पाऊस झालाय का तिकडं?”

माझ्या सगळ्या म्हणण्याचा गाभा त्या प्रश्नात आहे. हरणासाठी पेरायचं की नाही, शिकार करावी की नाही, हे वाद आपण घालू शकतो. पण एकदा पेरायचं ठरवलं, की कधी पेरायचं हा प्रश्न बारीकसारीक तांत्रिक राहत नाही. तुम्ही कुणाचं ऐकता, जमिनीचं की स्वतःच्या सुट्ट्यांचं, ते त्यातून कळतं.

या खेळात तीन घड्याळं चालतात. पहिलं हरणाचं. पांढऱ्या शेपटीच्या हरणांचा माजाचा काळ दिवसाच्या लांबीवर ठरतो. दिवस लहान होत गेले की त्यांच्या शरीरात बदल सुरू होतात आणि आमच्या भागात नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात माज ऐन भरात येतो. पाऊस पडो न पडो, हे घड्याळ दरवर्षी जवळपास तेच. दुसरं घड्याळ सरकारचं, म्हणजे हंगामाच्या तारखांचं. तेही ठरलेलं. तिसरं घड्याळ पिकाचं, आणि ते मात्र कधीच ठरलेलं नसतं. ते ओल, ऊब आणि धुकं-दहिवर यांच्यावर चालतं. पहिली दोन घड्याळं पक्की असल्यामुळे माणसाला वाटतं की तिसरंही पक्कं असणार. घोटाळा इथेच होतो.

बियाण्याच्या कंपन्या हा घोटाळा पिशवीत भरून विकतात. पिशवीवर शिंगं उंचावलेल्या नराचं चित्र आणि मागे अमेरिकेचा रंगीत नकाशा. तुमचा पट्टा निळा असेल तर अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत पेरा. त्या तारखा खोट्या नसतात. सलगम आणि त्याच्या कुळातल्या पिकांना पाला आणि कांदे भरायला साधारण साठ ते नव्वद दिवस लागतात. पहिल्या दहिवरापासून उलटं मोजत आलं की आमच्याकडे जुलैचा उत्तरार्ध ते ऑगस्टचा पूर्वार्ध निघतो. हिशोब बरोबर आहे. पण हा हिशोब असं गृहीत धरतो, की त्या दिवशी जमिनीत ओल असेल. पिशवीला तुमची जमीन दिसत नाही.

आणि ते ‘पहिलं दहिवर’ तरी काय असतं? तक्त्यात सरासरी तारीख दिलेली असते. सरासरी म्हणजे ढोबळमानाने निम्म्या वर्षी दहिवर त्याच्या आधीच पडतं. परीक्षेत निम्म्या वेळा नापास करणारा क्लास आपण लावला असता का? पण बियाणं पेरताना लोक त्या एका तारखेवर डोळे मिटून विसंबतात.

असं नाही की अमेरिकेला हे कधी कळलंच नव्हतं. अँड्र्यू हॉपकिन्स या कीटकशास्त्रज्ञाने 1918 मध्ये एक नियम मांडला. वसंतात एक अक्षांश उत्तरेला गेलं, की निसर्गातल्या घटना साधारण चार दिवस उशिरा होतात. तसंच पाच रेखांश पूर्वेला किंवा चारशे फूट वर गेल्यावर. शरदात हेच उलट. त्याच्या या विचारामागे गव्हावरची हेसियन माशी होती. माशीचा काळ संपल्यावर गहू पेरला तर पीक वाचतं, आणि हा काळ प्रत्येक ठिकाणी वेगळा. मिडवेस्टच्या गहू पिकवणाऱ्यांत ‘माशी सरल्याची तारीख’ अजून माहीत आहे. नीट बघा, इथेही तारीख आहेच. पण ती माशीने ठरवलेली आहे. सुट्टीने नाही.

याच विस्कॉन्सिनमध्ये आल्डो लिओपोल्ड होता. शिकारी, वनाधिकारी, मग मॅडिसनच्या विद्यापीठात प्राध्यापक. अमेरिकेत वन्यजीव व्यवस्थापन हा विषय उभा करणाऱ्यांपैकी एक. 1947 मध्ये त्याने आणि सारा जोन्सने सॉक आणि डेन या दोन काउंट्यांची नोंदवही प्रसिद्ध केली. 1935 ते 1945 या काळात कुठलं फूल कधी उमललं, कुठला पक्षी कधी आला, याच्या नोंदी. या माणसाकडेही बंदूक होती. पण कॅलेंडर तो निसर्गाकडून लिहून घेत होता. आज त्याच काउंट्यांमध्ये आम्ही पिशवीवरून तारीख वाचतो.

आता आमची गोष्ट. चार मित्रांनी मिळून भाड्याने घेतलेली जमीन, त्यात वीस-वीस गुंठ्यांचे दोन तुकडे. तीन वर्षांपूर्वी ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी आम्ही तिथे पोचलो, कारण तो शनिवार चौघांनाही मोकळा होता. माती कोरडी ठणठणीत होती. मी मूठभर उचलली तर बोटांतून पिठासारखी गळाली. मला हे कळत होतं. वाफसा कसा बघतात ते मला लहानपणापासून माहीत आहे. मूठ दाबली की गोळा व्हायला हवा, अंगठ्याने ढकलला की फुटायला हवा. तरीही मी पेरलं, कारण तीन तास गाडी चालवून आलो होतो, पिशवी फोडलेली होती आणि मित्रांसमोर ‘माझे वडील काय म्हणतात’ हे सांगायची मला लाज वाटली.

पाच दिवसांनी एक हलकी सर आली. सलगमाचं बी बारीक, पाव इंचापेक्षा खोल जातच नाही. तेवढ्या ओलीवर ते उगवलं. आणि मग तीन आठवडे थेंब नाही. पुन्हा गेलो तेव्हा रांगोळीसारखी वाळलेली रोपं होती आणि मध्ये तण. मराठीत याला नाव आहे, दुबार पेरणी. इंग्रजीत मित्रांना समजावताना मला तो शब्द कुठल्याच एका शब्दात सापडला नाही.

आमचं नुकसान काय झालं? एका पिशवीचे आणि पेट्रोलचे पैसे. मराठवाड्यात दुबार पेरणीने घर कर्जात जातं. म्हणूनच कृषी विभाग दरवर्षी कानीकपाळी ओरडतो, की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. मृग लागला म्हणून कोरड्यात पेरणारे आहेत, त्याला धूळपेरणी म्हणतात. पण धूळपेरणी करणाऱ्यालाही माहीत असतं की तो जुगार खेळतोय. आम्हाला हे माहीतच नव्हतं. आम्हाला वाटत होतं, आम्ही सूचना पाळतोय.

“मग बिघडलं काय? हौसेची शेती, हौसेचं नुकसान,” असं कुणीही म्हणेल. बिघडतं ते इथे. लहानशा प्लॉटला, मचाणाच्या अगदी टप्प्यात असलेल्या तुकड्याला, शिकारीच ‘किल प्लॉट’ म्हणतात. विस्कॉन्सिनमध्ये 2002 साली हरणांत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज सापडला. प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनांमुळे होणारा हा रोग झालेलं हरीण वाचत नाही. लाळ, मूत्र, विष्ठा यांतून तो पसरतो आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतो. त्यामुळे रोग असलेल्या भागांत मक्याचे ढीग टाकून हरणं जमवायला बंदी आहे. फूड प्लॉटला मात्र नाही, कारण ती शेती मानली जाते.

हा फरक मला मान्य आहे, पण एका अटीवर. ती खरोखर शेती असली पाहिजे. जी पेरणी नोव्हेंबरच्या नऊ दिवसांत हिरवी दिसावी एवढ्याच हिशोबाने केली, जी त्याआधी उगवली काय आणि नंतर मेली काय, तिला मी शेती कसं म्हणू? तो मक्याचा ढीगच. फक्त मुळं असलेला.

हरणाला अन्नाची खरी गरज नोव्हेंबरात नसते. तेव्हा ओकची फळं असतात, मक्याच्या शेतात सांडलेले दाणे असतात. गरज असते फेब्रुवारी-मार्चमध्ये. माजात आणि थंडीत नरांची चरबी उतरलेली असते, माद्या गाभण असतात आणि बर्फाखाली काही उरलेलं नसतं. तेव्हा त्यांच्या तोंडी काही पडावं असं वाटत असेल, तर हिवाळा झेलून वसंतात पहिल्यांदा हिरवी होणारी राय लागते. ओट लागला तर तो थंडीत मरतो. राय सप्टेंबरअखेरपर्यंत पेरली तरी चालते, ती गोठणबिंदूच्या जरा वरच्या तापमानालाही उगवते. म्हणजे काय पेरायचं आणि कधी, यातच तुम्ही हरणाला पोसताय की बोलावताय ते ठरतं.

आता उलट बाजू, आणि ती खोटी नाही. नोकरी करणाऱ्या माणसाला शनिवार-रविवारच मिळतो. जमीन लांब असते. पावसाची वाट बघत बसायला तो काही गावात राहत नाही. शिवाय शिकाऱ्यांना टोचून बोलणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं, की 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली आणि काडतुसांवर 11 टक्के कर लागतो आणि तो पैसा वन्यजीवांच्या संवर्धनाला जातो. इथलं बरंचसं रान या लोकांच्या खिशातून टिकलंय.

मान्य. पण शनिवार पक्का असेल तर बियाणं लवचीक ठेवा, एवढंच माझं म्हणणं आहे. दोन पिशव्या घरात असू द्या, एक सलगमाची, एक रायची. जुलैअखेरीस ओल असेल आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत पाऊस दिसत असेल तर सलगम. नसेल तर परत या. हात हलवत परत येण्यात कमीपणा नाही, पेरून परत येण्यात आहे. ऑगस्ट कोरडा गेला तर सलगमाचा नाद सोडा आणि सप्टेंबरच्या पावसावर राय टाका. सलगम विरळ उगवला असेल तर त्यातच राय फेका. आणि लेबर डेला सलगम पेरू नका. दहिवराला महिना उरलेला असताना पेरलेला सलगम पानंही नीट धरत नाही. ज्या फोनवर हवामान फुकट दिसतं, त्याच फोनवर पिशवीचा नकाशा बघत बसणं हा आळस आहे.

आम्ही त्या वर्षी तेच केलं. सप्टेंबरच्या मध्याला दीड दिवस चांगला पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी कामावरून अर्ध्या दिवसाची रजा काढून मी एकटाच गेलो. मूठ दाबली. गोळा झाला, अंगठ्याने फुटला. राय फेकली, लाकडी फळी ओढून बी दाबलं. नोव्हेंबरात प्लॉट चार बोटं उंच होता, दिमाखदार वगैरे नाही. त्या हंगामात मला एकही नर मिळाला नाही. एप्रिलमध्ये सहज चक्कर मारली, तर सावलीत अजून बर्फ होता आणि राय हिरवीगार. चार माद्या खात होत्या. बंदूक घरी होती.

वडिलांना फोटो पाठवला. त्यांनी मोठा करून बघितला असावा, कारण उत्तर हरणांबद्दल नव्हतं. “दाट पडलंय बी,” ते म्हणाले. “पण वाफशावर टाकलंस, हे बरं केलंस.”

आपल्याकडे पेरणीच्या नक्षत्राचं नाव मृग आहे, म्हणजे हरीण. आकाशातल्या त्या हरणाच्या पोटात बाण आहे आणि मागे व्याधही आहे. शिकार त्या चित्रात आधीपासून आहेच. तरी आमच्या आजी-आजोबांनी मृग लागला की आधी ढगांकडे बघितलं, मग पाभरीला हात घातला. नक्षत्राने त्यांना सांगितलं, की तयार राहा. पेरा, असं मातीने सांगितलं. पिशवीवरच्या तारखेला तेवढाच मान द्यावा, त्याहून जास्त नको.