शिष्यवृत्तीचे गणित आणि गाळपाचा हंगाम



या पानावर आम्ही एरवी बेणे, सरी, पाणी आणि खोडवा यांविषयी लिहितो. यावेळी थोडा बांध ओलांडीत आहोत. विषय आपल्या पोरांच्या गणिताचा, आणि त्यातही शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीचा आहे. "ऊसवाल्यानं उसाचं बघावं, शाळेत कशाला शिरावं?" असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर पुढे देऊच. आधी घडलेली गोष्ट सांगतो.

मागील हिवाळ्यात कामानिमित्त छत्रपती संभाजीनगरला जाणे झाले. पाचवीतला पुतण्या सोबत होता. औरंगपुऱ्यातून त्याच्यासाठी शिष्यवृत्तीचा सराव संच घेतला आणि पायी पायी शहागंजात आलो. निजामाच्या काळातला तो घड्याळाचा मनोरा, खाली फळांच्या गाड्या, ओरडा, गर्दी. पेरूच्या एका गाडीवर दहा-अकरा वर्षांचा पोरगा उभा होता. बाप चहाला गेला असावा. पेरू साठ रुपये किलो, बोरे चाळीस रुपये किलो. आम्ही सव्वा किलो पेरू आणि पाव किलो बोरे घेतली, दोनशेची नोट दिली. पोराने पिशवी हातात द्यायच्या आत हिशोब केला : "पंच्याऐंशी झाले काका. हे घ्या एकशे पंधरा." आमचा पुतण्या तोवर बोटांवरच होता.

पोरगा शाळेत जातो का, म्हणून विचारले. म्हणाला, पाचवीत आहे, शाळा सुटली की गाडीवर येतो. मग आम्हाला राहवले नाही. सराव संचाच्या कोऱ्या पानावर त्याला एक प्रश्न लिहून दिला : '१ किलोग्रॅम पेरूंची किंमत ६० रुपये असल्यास १.२५ किलोग्रॅम पेरूंची किंमत किती?' खाली चार पर्याय दिले : ६१.२५, ७२, ७५ आणि ८५. पोराने दोनदा वाचले, मान खाजवली आणि ६१.२५ वर बोट ठेवले. दोन्ही आकडे दिसले, त्याने बेरीज केली. ज्या पेरूंचे पंच्याहत्तर रुपये त्याने आत्ताच आमच्याकडून बिनचूक घेतले होते, तेच पेरू कागदावर गेल्याबरोबर त्याला अनोळखी झाले. १.२५ म्हणजेच सव्वा, हे त्याला कोणी सांगितलेलेच नव्हते. पुतण्याने मात्र तोच प्रश्न मांडणी करून सोडविला आणि पंच्याहत्तर आणले. पण त्याला विचारले, "मग दोनशेतून बोरांचे धरून परत किती?" तर तो पुन्हा कागद मागू लागला.

घरी परत येताना आमच्या मनात एकच विचार होता. या दोघांपैकी गणित कोणाला येते? खरे सांगायचे तर दोघांनाही अर्धे-अर्धे येते.

हा आमच्या एकट्याचा अनुभव नाही. अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी व एस्थर डफ्लो आणि त्यांचे सहकारी यांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेवर मुलांची पाहणी केली. ती २०२५ साली 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. बाजारातली मुले तोंडी व्यवहार झटकन करतात, पण तसलेच गणित शाळेच्या पद्धतीने मांडले की अडतात. आणि शाळेत गणित बरे असलेली मुले बाजारातल्या व्यवहाराला अडतात. एकीकडचे ज्ञान आपोआप दुसरीकडे जात नाही, असा त्याचा निष्कर्ष. आम्हाला शहागंजात पेरूच्या गाडीवर जे दिसले तेच हे.

आता परीक्षेकडे वळू. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे, ही शिष्यवृत्ती परीक्षा घेते. पूर्वी ती चौथी व सातवीला असे. २०१६-१७ पासून ती पाचवी व आठवीला गेली आणि २०२५ मध्ये शासनाने ती पुन्हा चौथी व सातवीला नेण्याचे ठरविले. पाचवीच्या परीक्षेत पहिल्या पेपरात भाषेचे २५ आणि गणिताचे ५० असे ७५ प्रश्न, आणि वेळ दीड तास. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. त्यातच वाचायचे, समजायचे, सोडवायचे आणि उत्तरपत्रिकेतले वर्तुळ रंगवायचे. बहात्तर सेकंदांत पोराला नवे काही सुचत नाही. आधी जे मुरलेले असते तेवढेच वर येते.

आणि आपण तयारी कशी करतो? दिवाळी झाली की गाईड आणतो, नाताळ झाला की शिकवणी लावतो, जानेवारीत रोज एक प्रश्नपत्रिका सोडवून घेतो. पोरगं प्रश्न न वाचता पर्याय उलटे घालून उत्तर काढायला शिकते. सभासद हो, तोडणीच्या तोंडाशी युरिया टाकला तर काय होते ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. ऊस हिरवागार दिसतो आणि साखरेचा उतारा पडतो. जानेवारीतली शिकवणी ही तशीच आहे. प्रश्नपत्रिका हा वजनकाटा आहे. काटा वजन दाखवितो, वाढवीत नाही. एकच गाडी दहा वेळा काट्यावर चढविली म्हणून टनेज वाढल्याचे आजवर कोणी पाहिले नाही.

आम्ही स्वतः चौथीत असताना ही परीक्षा दिली होती आणि नापास झालो होतो. तीसपर्यंत पाढे तोंडपाठ. पण प्रश्नात गुणायचे की भागायचे हेच कळले नाही. वडील घरी उसाचा हिशोब वहीत मांडीत, आम्ही शेजारी बसून पाढे घोकीत असू. दोन हातांचे अंतर होते, पण त्यांची वही आणि आमचे पाढे यांची गाठ कोणी घालून दिली नाही. ती गाठ घालणे हीच खरी तयारी, असे आमचे मत आहे. त्याला पैसा लागत नाही. रोजची पंधरा-वीस मिनिटे लागतात, आणि सुरुवात परीक्षेच्या निदान दोन वर्षे आधी करावी लागते.

काय करता येईल ते अनुभवावरून सांगतो.

पहिले, घरात पावती येते ती पोरांच्या हाती द्या. वजनकाट्याच्या पावतीवर भरलेल्या गाडीचे वजन २४.८६० टन आणि रिकाम्या गाडीचे ९.३१५ टन असेल, तर निव्वळ ऊस किती? १५.५४५ टन. यातले .५४५ म्हणजे किती किलो? ५४५ किलो. सोयीसाठी टनाला ३,००० रुपये दर धरला तर रक्कम किती? ४६,६३५ रुपये. दशांश अपूर्णांकाची वजाबाकी, मापनाचे रूपांतर आणि गुणाकार, असे अभ्यासक्रमातले तीन घटक एका पावतीत आले. शिवाय पोरगं पावती तपासायला लागले तर आमच्या शेतकी खात्यालाही धाक राहील!

दुसरे, आपल्या आज्या-आजोबांच्या तोंडी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी होती. आता ती गेली. सगळी परत आणा असे आम्ही म्हणत नाही. पण पाव म्हणजे १/४ म्हणजेच ०.२५, पाऊण म्हणजे ३/४ म्हणजेच ०.७५, सव्वा म्हणजे १.२५, हे तोंडी आणि लेखी दोन्ही रूपांत पोरांच्या कानाडोळ्यांखालून रोज गेले पाहिजे. शहागंजातला पोरगा नेमका इथेच अडला होता.

तिसरे, संख्यांची नावे. मराठीत 'सत्तेचाळीस' म्हणताना सात आधी येतो आणि लिहिताना चार आधी. लहान पोरे ४७ चे ७४ करतात ती यामुळेच. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'चाळीस सात' अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा मोठा गदारोळ झाला. त्या वेळच्या गणित समितीच्या अध्यक्षा कै. डॉ. मंगला नारळीकर यांनी तिची बाजू शांतपणे मांडली होती. आमचे म्हणणे, भांडण कशाला? सत्तेचाळीस ही आपली भाषा आहे, ती राहू द्या. पण दुसरी-तिसरीतल्या पोराला 'सत्तेचाळीस म्हणजे चाळीस आणि सात' असे जोडीने म्हणवून घ्या.

चौथे, शेत हाच फळा. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. पाच फुटी सरीत दोन फुटांवर एक रोप लावले तर एका रोपाला दहा चौरस फूट, मग एकरी रोपे किती? ४,३५६. हा आकडा आम्ही तुम्हाला चर्चासत्रात दरवर्षी सांगतो. यंदा तो पोरांकडून काढून घ्या. दोरी घेऊन बांधावर मोजलेले क्षेत्रफळ पोरगं विसरत नाही.

पाचवे, घड्याळ लावून प्रश्नपत्रिका सोडविणे शेवटच्या दोन महिन्यांत, आठवड्याला एकच. दुसऱ्या दिवशी नवी न देता कालच्या चुका पाहाव्यात. चूक वाचनाची, मांडणीची की आकडेमोडीची, एवढे वहीत लिहून ठेवावे. रोग कळल्याशिवाय फवारणी करू नये, हे आपण पिकाला पाळतो ते पोरालाही पाळावे.

यातले पुष्कळसे काही जिल्हा परिषद शाळांतले गुरुजी आणि बाई आजही करतात, शाळेआधी येऊन तास घेतात. त्यांना घरून साथ पाहिजे, एवढेच.

आता आमच्या मनात सलणाऱ्या मुद्द्याकडे येतो. वर सांगितले ते आपल्या, म्हणजे सभासदांच्या पोरांपुरते झाले. पण आपल्याच फडात आणखी पोरे आहेत. २०२४ साली ही परीक्षा १८ फेब्रुवारीला झाली, २०२५ साली ९ फेब्रुवारीला. फेब्रुवारीत आपण काय करीत असतो? गाळप ऐन भरात असते. बीडकडच्या आणि आपल्याच जिल्ह्यातल्या टोळ्या दसरा-दिवाळीला कोयता घेऊन घर सोडतात. परीक्षेचे अर्जही त्याच सुमारास भरले जातात. अर्ज भरायच्या वेळी पोरगं गाडीत आणि परीक्षेच्या दिवशी फडात. त्याला गणित येते की नाही, हे काट्यावर चढायलाच मिळत नाही. पुढे तारीख कोणतीही पडो, हंगामाचे पाच महिने शाळा बुडालेल्या पोराची तयारी काय होणार?

आणि ही पोरे बिनडोक नाहीत. मोळ्या मोजायच्या, उचल किती, फिटली किती, हे दहा वर्षांची पोरगी कोपीत बसून आईला सांगते. तिच्याकडेही शहागंजच्या पोरासारखे अर्धे गणित आहे. उरलेले अर्धे द्यायला कोणी नाही.

शासनाची हंगामी वसतिगृहे आहेत, शिक्षण हमी कार्ड आहे, २००९ चा शिक्षण हक्काचा कायदा आहे. या शतकाच्या सुरुवातीला आपल्याच शहरातल्या 'जनार्थ' संस्थेने कारखान्यांच्या तळांवर साखर शाळा चालवून दाखविल्या. मार्ग नाही असे नाही. कारखान्याने हात लावला तर तो चालू शकतो. आमची संचालक मंडळाला नम्र सूचना अशी :

(१) टोळीचा करार करताना मुकादमाकडून कोयत्यांबरोबर सहा ते चौदा वयाच्या मुलांची नावे, इयत्ता आणि मूळ शाळा यांची यादी घ्यावी. यादीचे काम शेतकी खाते करील.

(२) ज्यांची परीक्षेची इयत्ता आहे त्यांच्या मूळ शाळेशी संपर्क करून अर्ज वेळेत भरला जाईल हे पाहावे.

(३) तळावर रोज संध्याकाळी दोन तास दिवा, सतरंजी आणि एक शिकविणारा द्यावा. सभासदांच्या डी.एड. झालेल्या मुलामुलींपैकी कोणी पुढे आले तर मानधन द्यावे.

(४) परीक्षेच्या दिवशी कारखान्याची जीप त्या मुलांना केंद्रावर पोहोचवील अशी तजवीज करावी, आणि त्या आईबापांचा त्या दिवसाचा खाडा धरू नये.

"कारखान्याचं काम साखर काढायचं, शाळा काढायचं नव्हे," हे आम्ही ऐकले आहे. सुरुवातीच्या प्रश्नाचे आणि याचे उत्तर एकच. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या मार्गदर्शनाखाली सहकारी कारखाना उभा केला, १९५० च्या अखेरीस त्याचे गाळप सुरू झाले, आणि १९६४ साली तेथेच प्रवरा पब्लिक स्कूल निघाले. साखरेच्या पैशातून शाळा काढणे हे सहकाराला नवे नाही. फक्त त्या शाळा बहुधा ऊस पिकविणाऱ्यांच्या मुलांपर्यंत पोहोचल्या, ऊस तोडणाऱ्यांच्या मुलांपर्यंत फार कमी. ज्याच्या कोयत्यावर आपला ऊस वेळेत काट्यावर येतो, त्याच्या पोराचा एक रविवार आपण सांभाळू शकत नसू, तर सहकार हा शब्द फक्त आपल्या फाटकावरच्या पाटीपुरता राहील.

हे मत आमचे आहे. चुकत असेल तर सभासदांनी जरूर लिहावे, शेतकी कार्यालयात येऊन सांगितले तरी चालेल. मात्र आज संध्याकाळी घरातली एक पावती पोरापुढे ठेवून पाहा आणि काय झाले ते आम्हाला कळवा.

जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी